करंगळीएवढे अंतर

शिकारीची रायफल आखूड अ‍ॅक्शनची घ्यावी की लांब, हा तोच प्रश्न भाचीने तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी कपाटातून दोन्ही रायफली बाहेर काढल्या. त्या रिकाम्या आहेत याची चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, बोट घालून खात्री केली, तिच्याकडूनही ती करून घेतली आणि मग दोन्हींचे बोल्ट काढून टेबलावरच्या सुती कापडावर शेजारी शेजारी ठेवले. एक बोल्ट माझ्या .३०८ विंचेस्टरचा, दुसरा वडिलांनी मागे ठेवलेल्या .३०-०६ स्प्रिंगफील्डचा. रायफली एकाच घडणीच्या असल्यामुळे बोल्टांची जाडी सारखी होती, मुठी सारख्या होत्या, पुढच्या टोकाचे दोन लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवणारे उंचवटे, तेही सारखेच होते. फरक होता तो केवळ लांबीचा, आणि तोसुद्धा इतका थोडा, की वेगवेगळे पाहिले असते तर तिच्या तो लक्षातही आला नसता.

‘आत्या, एवढ्यासाठी लोक इतके वाद घालतात?’ असे तिने विचारले. तिला नुकताच परवाना मिळाला होता, पहिली रायफल घ्यायची होती, आणि शॉर्ट अ‍ॅक्शन घ्यावी की लाँग अ‍ॅक्शन या प्रश्नाने तिची झोप उडाली होती. तिने बरेच वाचले होते. आखूड अ‍ॅक्शन हलकी असते, ताठ असते, म्हणून अधिक अचूक असते, तिचा बोल्ट लवकर फिरतो. लांब अ‍ॅक्शन ताकदवान काडतुसांसाठी असते. यातले एकही विधान सरसकट खोटे नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण अर्धवट खरी असलेली विधाने एकापुढे एक मांडली की त्यांतून निर्णय निघत नाही, काळजी मात्र वाढत जाते.

मुळात अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा मधला, जिवंत भाग. रिसीव्हर नावाचे पोलादी घर, त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि खाली काडतुसांची मॅगझीन. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की मॅगझीनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये जाते, आणि मूठ खाली दाबली की लग अडकून सगळे कुलूपबंद होते. या घराची लांबी ठरते ती त्यात वावरणाऱ्या सर्वांत लांब वस्तूवरून, म्हणजे गोळीसकट पूर्ण काडतुसावरून. .३०८ विंचेस्टरचे पूर्ण काडतूस जास्तीत जास्त ७१.१ मिलिमीटर लांब असते; .२४३ विंचेस्टर, ७ मिमी-०८ रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर ही सगळी याच मापाच्या आसपासची मंडळी. .३०-०६ ची लांबी ८४.८ मिलिमीटर, .२७० विंचेस्टरची तितकीच. दोहोंतले अंतर १३.७ मिलिमीटर. मी भाचीला तिची करंगळी दोन काडतुसांच्या टोकांमध्ये आडवी धरायला सांगितली. ती बरोबर बसली.

हे अंतर कुणी शिकाऱ्यांची सोय पाहून ठरवलेले नाही. १८९८ सालच्या माउझर रायफलीची अ‍ॅक्शन, जिच्यावर पुढच्या बहुतेक सगळ्या बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफलींची बांधणी बेतलेली आहे, ८२ मिलिमीटर लांबीच्या लष्करी काडतुसासाठी घडवली गेली. .३०-०६ हेही १९०६ सालचे अमेरिकी लष्कराचे काडतूस. सैन्यातून हजारो रायफली आणि त्या हाताळायला शिकलेली माणसे परत आली, शिकारी रायफली त्याच मापावर घडत राहिल्या, आणि एक अख्खी पिढी ‘रायफल’ म्हटले की हीच लांबी गृहीत धरत आली. आखूड काडतुसे त्या काळातही होती, १९२० सालचे .३०० सॅव्हेज तर .३०८ पेक्षाही आखूड आहे. पण पारडे फिरले ते पुन्हा लष्करामुळेच. स्वयंचलित शस्त्रांसाठी लहान काडतूस हवे होते आणि दरम्यान बंदुकीची दारू इतकी सुधारली होती, की पूर्वीचा वेग कमी जागेत मिळू लागला होता. त्या प्रयोगांतून जे काडतूस जन्मले ते १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर या नावाने शिकाऱ्यांच्या हाती आले आणि १९५४ मध्ये ७.६२ × ५१ या मापाने नाटो देशांच्या सैन्यांनी स्वीकारले. त्याआधीच, १९४८ साली, रेमिंग्टनने एकच रायफल दोन लांब्यांत काढून त्यांना दोन वेगळे क्रमांक दिले होते: लांब ती ७२१, आखूड ती ७२२. आज आपण ज्याला निवड म्हणतो ती त्या सुमाराला दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी येऊन उभी राहिली.

वजनाचा मुद्दा मी तिच्यापुढे लवकर निकालात काढला. एकाच घडणीच्या दोन रायफलींत, नळी आणि दस्ता सारखाच असेल तर, आखूड अ‍ॅक्शनमुळे साधारण ६० ते १०० ग्रॅम वजन वाचते. दुर्बीण बदलली, नळी थोडी बारीक घेतली किंवा दस्ता लाकडाऐवजी हलक्या कृत्रिम द्रव्याचा घेतला, तर याच्या कितीतरी पट वजन कमी होते. डोंगर चढताना प्रत्येक ग्रॅम जाणवतो हे मी स्वतः अनुभवले आहे, पण त्या शंभर ग्रॅमसाठी काडतूस बदलणे म्हणजे पायातला बूट हलका व्हावा म्हणून प्रवासाचे ठिकाणच बदलण्यासारखे आहे. ताठपणाचेही तसेच. आखूड रिसीव्हर कमी वाकतो हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने खरेच आहे, आणि टेबलावर रायफल टेकवून एकाच भोकात पाच गोळ्या घालू पाहणाऱ्या स्पर्धकांना त्याचा उपयोगही होतो. पण थंडीने बधिरलेल्या बोटांनी, धापा टाकत, गुडघ्यावर कोपर टेकवून दीडशे मीटरवर नेम धरणाऱ्या माणसाच्या चुकीत त्या ताठपणाचा वाटा शोधूनही सापडणार नाही.

ताकदीबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलावे लागले. .३०-०६ च्या पुंगळीत .३०८ पेक्षा सुमारे पाचवा हिस्सा जागा जास्त असते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की वेगही पाचव्या हिश्श्याने नाही तरी ठळकपणे जास्त असेल. तसे होत नाही. १८० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) .३०८ मधून सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने निघते, .३०-०६ मधून साधारण ८२०. जास्त दारूचा वेगाला होणारा फायदा तसाही हळूहळू घटत जातो, आणि त्यात .३०८ ला जास्तीत जास्त दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड इतका मान्य आहे, तर वयाने मोठ्या .३०-०६ ला ६०,०००. पावणेतीनशे मीटरवर या दोन गोळ्यांच्या उतारातला फरक एक-दोन बोटांचा. हरणाला तो कळत नाही, आणि खरे सांगायचे तर मारणाऱ्यालाही कळत नाही.

मग त्या करंगळीएवढ्या अंतरात राहते तरी काय? माझ्या मते त्यात गोळी राहते. मॅगझीनची पेटी ही न हलणारी भिंत आहे. काडतूस तिच्यापेक्षा लांब होऊ शकत नाही. लांब, जड, निमुळत्या टोकाची गोळी आखूड पेटीत बसवायची तर ती पुंगळीत खोल दाबावी लागते, आणि जितकी ती आत जाते तितकी दारूची जागा खाते. .३०-०६ मध्ये २२० ग्रेनची गोळी पिढ्यान्‌पिढ्या आरामात बसत आली आहे, कारण त्या पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारे तिचे अरुंद टोक, लांब आहे आणि घर मोठे आहे. .३०८ मध्ये तीच गोळी बसवता येते, पण मग ते काडतूस जड ओझे घेऊन चाललेल्या लहान मुलासारखे दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे .२६० रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर. दोन्ही शॉर्ट अ‍ॅक्शनची, दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या .२६० ची पुंगळी ५१.७ मिलिमीटर लांब आहे. दहा वर्षांनी आलेल्या क्रीडमूरची ४८.८. नव्या काडतुसाच्या कर्त्यांनी पुंगळी मुद्दाम जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी केली, जेणेकरून लांब गोळीचे निमुळते अंग पेटीच्या आत मावेल आणि तरीही ती फार खोल दाबावी लागणार नाही. दारूची थोडी जागा गेली, पण गोळीला मोकळा श्वास मिळाला. मला ही कारागिरी फार आवडते. घर बदलता येत नसेल तर माणसे सामान कसे रचतात, ते त्यात दिसते.

लांब घरातही हाच खेळ चालतो. १९१२ सालचे .३७५ हॉलंड अँड हॉलंड ९१.४ मिलिमीटर लांब आहे आणि त्याला नेहमीच्या लाँग अ‍ॅक्शनहूनही मोठी, मॅग्नम लांबीची अ‍ॅक्शन लागते. १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम आले ते .३०-०६ च्याच घरात राहील अशा बेताने, आणि त्यासाठी त्याची मान इतकी आखडली गेली, की ती गोळीच्या व्यासापेक्षाही आखूड आहे: मान ६.७ मिलिमीटर, व्यास ७.८. पुढे २००१ च्या सुमारास .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नमने जवळपास तेवढीच ताकद शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये आणली, पण पुंगळी बुटकी आणि जाड करून. जाड काडतुसे पेटीत कमी मावतात, बहुधा तीनच, आणि त्यांचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, इतका उभा असतो, की बोल्ट पुढे नेताना ती चेंबरच्या तोंडाशी किंचित अडखळल्यासारखी माझ्या हाताला जाणवली आहेत. उलट .३७५ चे ते लांब, उतरत्या अंगाचे काडतूस चेंबरमध्ये जाते तेव्हा काही आत गेले की नाही अशी शंका यावी. चवताळलेल्या जनावरासमोर उभे राहणारे लोक आजही त्या जुन्या लांब काडतुसावर विश्वास ठेवतात, यामागे ताकदीइतकेच हे सुरळीत जाणेही आहे.

एवढे सगळे भाचीने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘पण तू स्वतः कशावरून ठरवलेस?’ मला तिला ती सकाळ सांगावी लागली, जी मी सहसा सांगत नाही.

मी आठ वर्षे फक्त .३०८ वापरली होती. वडील गेल्यानंतरच्या हंगामात मी त्यांची .३०-०६ घेऊन निघाले. कारण मनाचे होते, हिशेबाचे नव्हते. रायफल नीट नेमाला लावली होती, टेबलावर बसून चाळीसेक गोळ्या झाडल्या होत्या, सगळ्या जिथे जायला हव्यात तिथे गेल्या होत्या. त्या सकाळी धुके उताराच्या निम्म्यावर येऊन थांबले होते आणि त्याच्या कडेवर एक मोठ्या शिंगांचा नर आडवा उभा होता, फार तर एकशेवीस पावलांवर. मी चाप दाबला आणि दाबतानाच मला कळले की गोळी हवी होती त्यापेक्षा मागे लागली आहे. तो पळाला नाही. पाठ बाकदार करून, मान खाली घालून तिथेच उभा राहिला. अशा वेळी शिकाऱ्याचे एकच कर्तव्य असते, दुसरी गोळी, आणि तीही ताबडतोब. मी बोल्ट ओढला, पुंगळी बाहेर उडाली, ती दगडावर पडल्याचा किणकिण आवाज मला स्पष्ट ऐकू आला, बोल्ट पुढे ढकलला, मूठ दाबली, नेम धरला, चाप दाबला. खट्. चेंबर रिकामे होते.

मी पुन्हा बोल्ट ओढेपर्यंत तो झुडपांत शिरला होता. त्याचा माग काढायला मला अडीच तास लागले. रक्ताचे थेंब कधी पानाच्या कडेला, कधी दगडावर, कधी कितीतरी पावले काहीच नाही. सापडला तेव्हा तो जिवंत होता. त्या अडीच तासांचे देणे माझ्यावर आहे आणि ते फिटणारे नाही.

घरी आल्यावर मी बनावट काडतुसे, म्हणजे दारू आणि ती पेटवणारी टोपी नसलेली सरावाची काडतुसे, मॅगझीनमध्ये भरली आणि पट्टी घेऊन बसले. त्या रायफलीत बोल्टच्या तोंडाशी स्प्रिंगवरचा इजेक्टर आहे. पुंगळीचे तोंड मोकळे झाले, की तो तिला तत्क्षणी बाजूला भिरकावतो. .३०-०६ ची पुंगळी ६३.३ मिलिमीटर लांब, म्हणून बोल्ट तेवढा मागे आला की ती उडते. पण पुढचे काडतूस उचलायचे, तर बोल्टचे तोंड त्या काडतुसाच्या बुडाच्याही मागे जायला हवे, म्हणजे निदान ८५ मिलिमीटर. या दोन मापांमध्ये साधारण दोन बोटांचा असा पट्टा आहे, जिथे पुंगळी उडाल्याचे दिसते, आवाज ऐकू येतो, सगळे यथासांग झाल्यासारखे वाटते आणि चेंबरमध्ये मात्र काहीच जात नाही. आठ वर्षे .३०८ वर घडलेला माझा हात त्या पट्ट्यात येऊन थांबला होता. .३०८ मध्ये तेवढ्या ओढीत काम पुरे झाले असते. टेबलावर चाळीस गोळ्या झाडताना हे उघडकीला आले नाही, कारण तिथे मी प्रत्येक वेळी सावकाश, निगुतीने बोल्ट ओढत होते, आणि एकेक काडतूस हातानेच ठेवत होते.

जुन्या माउझरमध्ये इजेक्टर रिसीव्हरच्या मागच्या बाजूला पक्का बसवलेला असतो आणि बोल्ट जवळजवळ पूर्ण मागे आल्याशिवाय पुंगळी बाहेर पडतच नाही. तिथे हात अर्ध्यावर थांबला, तर निदान पुंगळी आत अडकून राहते आणि चूक डोळ्यांना दिसते. मला ती रचना जास्त प्रामाणिक वाटते, पण दोष मी त्या स्प्रिंगला देत नाही. बोल्ट अखेरपर्यंत ओढणे हे माझे काम होते.

म्हणून आता मला कुणी ‘आखूड की लांब’ विचारले, की मी आधी विचारते, तुझ्याकडे आधीपासून कोणती आहे, आणि तुझा हात कशावर घडला आहे? ज्याच्याकडे लाँग अ‍ॅक्शन आहे आणि ज्याचे हात तिला सरावले आहेत, त्याने दुसरी रायफल शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी आखूड घेऊ नये. अशी रचना शोधावी जिथे एकाच लांबीच्या रिसीव्हरमध्ये दोन्ही प्रकारची काडतुसे चालतात. १९३६ पासूनची विंचेस्टर मॉडेल ७० कित्येक वर्षे अशीच होती, आखूड काडतुसासाठी मॅगझीनमध्ये ठोकळा बसवलेली. फिनलंडची टिक्का टी३एक्स आजच्या काळातली. अर्थात अशा रायफलींत आखूड काडतुसासाठी बोल्टची धावही अडसर लावून कमी केलेली असू शकते, तेव्हा घेण्याआधी दोन्ही बोल्ट ओढून पाहणे आलेच.

इथे एक विषयांतर मला आवरत नाही. ७ × ५७ माउझर हे १८९२ सालचे काडतूस ७८ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये मावत नाही आणि लाँग अ‍ॅक्शनमध्ये थोडी जागा रिकामी ठेवते. दोन कप्प्यांत जग वाटणाऱ्यांनी त्याला बेघर केले. धक्का सौम्य, जड गोळी सरळ आणि खोल जाणारी, चेंबरमध्ये शिरणे लोण्यासारखे. त्याच्यासाठी नेमकी त्याच्याच मापाची मधली माउझर अ‍ॅक्शन मी एकदा हातात घेतली होती. तेव्हापासून मला वाटत आले आहे, की खरी निवड आखूड आणि लांब यांतली कधी नव्हतीच. काडतूस आणि त्याचे घर एकमेकांच्या मापाचे आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

भाचीची गोष्ट त्या मानाने सोपी निघाली. तिचा हात अजून कशावरच घडलेला नव्हता. ती जिथे जाणार तिथे दाट झाडी, मारा दोनशे मीटरच्या आत, जनावर मध्यम बांध्याचे. दोनशे ग्रेनच्या वरची गोळी तिला लागणार नाही, पुढच्या दहा वर्षांत तर नाहीच. मी तिला ७ मिमी-०८ सुचवले: १४० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण ८७० मीटर, आणि खांद्याला सोसेल असा धक्का, म्हणजे चाप दाबण्याआधी डोळे मिटण्याची खोड लागणार नाही. म्हणजे शॉर्ट अ‍ॅक्शन. पण तिने आधी काडतूस निवडले आणि त्याच्या मागून घर, उलटे नाही, याचे मला समाधान आहे. ‘आणि पुढे कधी मोठे जनावर मारायला गेले तर?’ असे तिने विचारलेच. तेव्हा माझी .३०-०६ तुझीच आहे, असे मी सांगितले, मात्र त्या हंगामाआधी तीन महिने तुझी स्वतःची रायफल कुलपात राहील, या अटीवर. वडिलांची रायफल मीही आता अशाच अटीवर वापरते. .३०८ गेली सहा वर्षे कपाटातच आहे. काल बाहेर निघाली ती केवळ तिला दाखवण्यासाठी.

बोल्ट परत जागेवर गेले. मी .३०८ मध्ये चार बनावट काडतुसे भरली, रायफल तिच्या खांद्याला लावून दिली, नळीचे तोंड रिकाम्या भिंतीकडे वळवले आणि सांगितले, की डोळे दुर्बिणीवरून न हलवता बोल्ट फिरव, मागे ओढताना तो अडसरावर आदळल्याचा आवाज कानाने ऐक, आणि तो ऐकल्याशिवाय पुढे ढकलू नकोस. ती ओढत गेली, मी काडतुसे वेचून पुन्हा भरत गेले. पहिल्या वीसेक वेळा ती मोजत होती. मग मोजणे थांबले आणि हाताला लय आली. लय आल्यावरच घाई शिरते, आणि तशी ती शिरली: पुंगळीसारखे ते बनावट काडतूस टेबलावर पडले, पण अडसराचा आवाज आला नाही. मी काही बोलले नाही. तिचा हात हवेत क्षणभर थबकला. मग डोळा दुर्बिणीवरच ठेवून तिने बोल्ट आणखी मागे ओढला, करंगळीएवढाच, आणि तो टक्क आवाज आम्हां दोघींनाही ऐकू आला.